पाचवा नंबर कुणाचा?

या सदरात मी सहसा नोकरी, मोबाइल, होम लोन आणि आई-बाबांचे विसरलेले पासवर्ड यांवर लिहितो. या खेपेला फुटबॉल. गोव्याच्या आणि बेळगावच्या वाचकांनी लगेच खूश होऊ नये. हा पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. हा अमेरिकेतला, लंबगोल चेंडूचा, हेल्मेट घालून एकमेकांवर आदळायचा. चार वर्षं मी सिएटलजवळ बेलव्ह्यूला नोकरीला होतो. तिथे जेवणाच्या टेबलावर मला हा आजार जडला आणि २०२२ मध्ये आम्ही बडोद्याला कायमचे परत आलो तेव्हा सामानाबरोबर तोही आला. बायकोने बऱ्याच वस्तू तिकडेच टाकून दिल्या, ही एक राहिली.

टेबलावर आम्ही चौघं असायचो. मी, नेल्लोरचा एक मित्र, मूळची सिएटलचीच एक टेस्टर आणि आमचा मॅनेजर. त्या टेस्टरच्या घरात किंगडोम हे जुनं स्टेडियम उभं होतं तेव्हापासूनची सीझन तिकिटं. सामना रविवारी, पण चर्चा सोमवार ते शुक्रवार. आणि सर्वांत कडाक्याची भांडणं व्हायची ती सामन्यांवर नव्हे, एप्रिलमधल्या ड्राफ्टवर. चेंडू कुठेही नाही, मैदान नाही, धावपळ नाही, फक्त कोण कुणाला निवडतं ते बघायचं. आणि त्यावरून दोन शहाणी माणसं आठवडाभर एकमेकांशी बोलत नाहीत.

इकडे आल्यावर पहिला ड्राफ्ट २०२३ चा. तिकडे गुरुवारची संध्याकाळ, आपल्याकडे शुक्रवारी, २८ एप्रिलला पहाटे साडेपाच. मी लॅपटॉप टीव्हीला जोडून आवाज बारीक केला, तर बाबा आधीच उठून हिंचक्यावर बसलेले. (झोपाळा म्हणायचं खरं, पण आम्ही बडोदेकर हिंचकाच म्हणतो.) बाबा तरुणपणी कबड्डी खेळायचे आणि नंतर वीसेक वर्षं आमच्या भागातल्या व्यायामशाळेच्या संघाची निवड त्यांच्याकडे होती. 'निवड' हा शब्द कानावर पडल्यावर ते उठून जाणं शक्यच नव्हतं.

मी त्यांना समजावलं. ३२ संघ. कॉलेजात खेळणारी मुलं एका बाजूला. गेल्या मोसमात जो सर्वांत जास्त हरला त्याला पहिला नंबर, विजेत्याला शेवटचा. अशा सात फेऱ्या. ज्याने निवडलं त्याच्याकडेच पोराने जायचं.

"म्हणजे स्वयंवर," बाबा म्हणाले, "फक्त माळ सासरच्यांच्या हातात."

यापेक्षा चांगली व्याख्या मला अजून सुचलेली नाही. पुढचा भाग त्यांना जास्त आवडला: हे नंबर विकता येतात, बदलता येतात. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला डॅलस काउबॉइजचे प्रशिक्षक जिमी जॉन्सन यांच्या काळात एक तक्ताच तयार झाला. पहिला नंबर ३००० गुणांचा, पाचवा १७००, नववा १३५०, सोळावा १०००, बत्तिसावा ५९०. म्हणजे सोळावा आणि बत्तिसावा असे दोन्ही दिले तरी पाचव्याच्या किमतीला शंभरेक गुण कमीच पडतात. आता अधिक शास्त्रशुद्ध तक्ते निघालेत, पण टेबलावर वाद घालायला तोच जुना तक्ता बरा पडतो. आकडेमोड तोंडी होते.

तर त्या पहाटे सिएटलकडे पाचवा नंबर होता, आणि तोही स्वतःच्या अपयशाचा नव्हे. २०२२ च्या मार्चमध्ये सिएटलने आपला क्वार्टरबॅक रसेल विल्सन डेन्व्हरला दिला होता. बदल्यात तीन खेळाडू आणि ड्राफ्टचे पाच नंबर, त्यांत डेन्व्हरचे दोन वर्षांचे पहिल्या फेरीतले. त्यावेळी टेबलावर सुतक होतं. मग मोसम सुरू झाला आणि डेन्व्हर हरायला लागलं. १७ सामन्यांत फक्त ५ विजय. डेन्व्हर जितकं खाली तितका आमचा नंबर वर. शेजाऱ्याच्या अंगणातल्या आंब्याची कैरी आमच्या परातीत पडावी तसा हा पाचवा नंबर पडला. रविवारी आपल्या संघाचा स्कोअर बघायच्या आधी डेन्व्हर हरलं का ते बघायचं, असं ते वर्ष गेलं.

आता खरं भांडण. हा पाचवा नंबर कुणासाठी वापरायचा?

हे कळायला सिएटलची जुनी पुण्याई सांगायला हवी. २०१० ते २०१२ या तीन ड्राफ्टांत पीट कॅरोल आणि जॉन श्नायडर या जोडीने एक बचावफळी उभी केली. तिच्यात पहिल्या फेरीतला अर्ल थॉमस होता, चौदाव्या नंबरचा. पण कॅम चॅन्सलर आला पाचव्या फेरीत, १३३ वा. रिचर्ड शर्मनही पाचव्या फेरीत, १५४ वा. कॉलेजात तो आधी चेंडू झेलणाऱ्यांत खेळायचा आणि नंतर बचावात आला. बॉबी वॅगनर दुसऱ्या फेरीतला. विल्सनला उंची कमी म्हणून बहुतेकांनी नाक मुरडलं होतं, तो तिसऱ्या फेरीत मिळाला. २०१२ च्या ड्राफ्टनंतर काही परीक्षकांनी सिएटलला सरळ नापास केलं होतं. २ फेब्रुवारी २०१४ ला याच मंडळींनी डेन्व्हरला सुपर बोलमध्ये ४३-८ असं धुतलं, आणि ते डेन्व्हर त्या मोसमात ६०६ गुणांचा विक्रम करून आलेलं होतं. २०१२ ते २०१५ सलग चार मोसम सर्वांत कमी गुण सिएटलने दिले.

यातली गंमत माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला जास्त भावते. त्यांची रचना अगदी साधी होती. अकरापैकी चौघं पुढे, समोरच्या क्वार्टरबॅकवर धावून जायला. चौघं मधल्या पट्ट्यात. तिघं पाठीमागे, मैदानाच्या मागच्या भागाचे तीन वाटे करून, एकेकाने एकेक राखायचा. दोन्ही कडांना दोन कॉर्नरबॅक, मधे थॉमस. हे तो खेळ शिकणाऱ्या शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असतं. समोरच्यांनाही ठाऊक असायचं. लपवाछपवी फार नाही. माहीत असूनही कुणाला ते फोडता यायचं नाही, कारण मधला थॉमस दोन माणसांचं क्षेत्र एकटा सांभाळायचा आणि कडेचे दोघं उंच, लांब हातांचे.

बाबांना मी कॉर्नरबॅक म्हटलं आणि ते म्हणाले, "म्हणजे कोपरारक्षक." खरंच की. कबड्डीत सात जणांत दोन कोपरे, त्यांनी आत वळणाऱ्या चढाईपटूचा पाय धरायचा. इथेही कडेच्या माणसाने तेच करायचं, फक्त पाय धरण्याऐवजी चेंडू हवेत हिसकायचा. मधली साखळी म्हणजे त्यांची पुढची फळी. एवढ्यावर बाबांना सगळा खेळ कळला असं त्यांनी जाहीर केलं.

त्या बचावात प्रेक्षकही खेळायचे, हे मात्र कबड्डीत नाही. सिएटलने १२ नंबरचा शर्ट १९८४ मध्ये प्रेक्षकांच्या नावे कायमचा राखून ठेवला आहे; मैदानावर अकरा, बारावा गर्दीतला. समोरचा संघ चेंडू घेऊन उभा राहिला की गर्दी एवढी ओरडते की त्यांना आपल्याच क्वार्टरबॅकचा इशारा ऐकू येत नाही. २ डिसेंबर २०१३ च्या सामन्यात १३७.६ डेसिबल मोजले गेले. मी स्वतः एकदाच गेलो स्टेडियममध्ये. दुसऱ्या दिवशी स्टँड-अप मीटिंगमध्ये माझा घसाच बसला होता, आणि मॅनेजरने पहिल्यांदाच माझ्याकडे आदराने पाहिलं.

पण माणसं म्हातारी होतात, जखमी होतात, पगार वाढतात. ती फळी विस्कटली. २०२२ मध्ये सिएटलने रचना बदलली: पाठीमागे एकाऐवजी दोघं, लांबचे पास अडवायला. मागे माणूस वाढला म्हणजे पुढे कमी झाला. मग पुढच्या तिघा-चौघांनी डोंगरासारखं उभं राहायला हवं, नाहीतर समोरचे चेंडू काखेत मारून सरळ चालत येतात. सिएटलकडे असे डोंगर नव्हते, आणि तेच झालं. २०२३ च्या जानेवारीत सॅन फ्रान्सिस्कोने प्लेऑफमध्ये ४१-२३ ने घरी पाठवलं. सॉफ्टवेअरच्या भाषेत, आर्किटेक्चर नवं आणि सर्व्हर जुने.

म्हणून नेल्लोरचा मित्र आणि मी एका बाजूला: पाचव्या नंबरवर डोंगरच घ्या. आणि त्या वर्षी एक डोंगर होताही. जॉर्जिया विद्यापीठाचा जेलन कार्टर, १४० किलोच्या वर, आणि तरी चपळ. निव्वळ खेळ पाहिला तर त्या ड्राफ्टमधला पहिल्या दोघा-तिघांतला, असं बरेच जाणकार म्हणत होते.

पण. जानेवारीत त्याचं विद्यापीठ राष्ट्रीय विजेतं झालं, आणि तो आनंद साजरा झाल्यावर त्याच रात्री एक मोटार अपघात झाला. त्यात त्याचा एक सहखेळाडू आणि संघाची एक कर्मचारी असे दोघं गेले. कार्टर त्या गाडीत नव्हता, दुसऱ्या गाडीत होता. बेदरकार गाडी चालवणं आणि शर्यत लावणं या किरकोळ गुन्ह्यांच्या आरोपांना त्याने आव्हान दिलं नाही आणि त्याला प्रोबेशन मिळालं. मग मार्चमधल्या चाचणीला तो वजन वाढवून आला आणि व्यायाम पुरते न करता थांबला.

दुसऱ्या बाजूला टेस्टर आणि मॅनेजर. त्यांचं म्हणणं, सिएटलने नेहमी माणूस पाहूनच निवडलंय. आणि त्यांचा उमेदवार इलिनॉय विद्यापीठाचा डेव्हन विदरस्पून. कोपरारक्षक. जेमतेम ८२ किलोचा.

"घरात छप्पर गळतंय आणि तुम्ही खिडकीला पडदे घेताय," मी व्हिडिओ कॉलवर म्हटलं. मागची कड सांभाळणाऱ्यावर पाचवा नंबर घालवणं मला उधळपट्टी वाटत होती. आमच्या शर्मनसारखे लोक पाचव्या फेरीत मिळतात हे आम्हीच जगाला दाखवलं ना? आणि आदल्याच वर्षी टरीक वूलन हा सव्वासहा फुटांच्या वरचा कोपरारक्षक १५३ व्या नंबरला मिळाला होता. तोही आधी चेंडू झेलणाराच. मग इथे १७०० गुण कशाला जाळायचे?

टेस्टर शांतपणे म्हणाली की त्या मुलाचा एक टॅकल बघ, मग बोल.

टीव्हीवर क्लिप लागली. समोरचा माणूस त्याच्यापेक्षा पुष्कळ जड. हा लांबून धावत आला आणि त्याला कमरेत असा घुसला की तो माणूस उलटाच पडला. बाबा हिंचक्यावरून पुढे झुकले.

"हा घ्या."

"बाबा, तो वजनाला फारच..."

"अरे, वजन काय बघतोस? कोपऱ्यातला पोरगा पकडीला घाबरत नाही. हे शिकवता येत नाही. बाकी सगळं शिकवता येतं."

त्या ड्राफ्टला पहिल्या फेरीत प्रत्येक संघाला दहा मिनिटं होती. चौथी निवड झाली, आमचं घड्याळ सुरू झालं. कार्टर अजून शिल्लक होता. मी उभाच राहिलो. आणि नाव आलं, विदरस्पून. बेलव्ह्यूच्या खिडकीत दोघं नाचायला लागले, नेल्लोरवाल्याने कॅमेराच बंद केला. चार नंबरांनंतर फिलाडेल्फियाने शिकागोशी सौदा करून दहावरून नवव्यावर उडी घेतली आणि कार्टरला उचललं.

मी चिडून लॅपटॉप बंद केला. बाबांनी विचारलं, एवढा राग कशाचा? मी म्हटलं, गुणवत्ता समोर असताना भिऊन मागे सरणं मला पटत नाही. हे मी अगदी ठासून म्हटलं.

आता एक कबुली. त्याच दिवशी संध्याकाळपर्यंत मला ऑफिसात एक नाव कळवायचं होतं. टीममध्ये एक जागा होती, शेवटी दोन उमेदवार उरलेले. एक मुलगा, भलताच हुशार. आम्ही दिलेला प्रश्न त्याने अर्ध्या वेळात सोडवला आणि प्रश्नातली चूकही दाखवली. पण आधीच्या दोन्ही नोकऱ्या त्याने मधेच सोडलेल्या, शेवटच्या ठिकाणी तर काम दुसऱ्याकडे नीट सोपवलंही नव्हतं. दुसरी चरोतर भागातल्या एका लहान कॉलेजची मुलगी. वेग बेताचा, पण प्रश्न नेमके विचारायची, आणि अडली की 'अडले' म्हणायची. माझ्या मनात तिचं नाव आदल्या रात्रीच पक्कं झालं होतं. हे मी चहा पिताना बाबांना सांगितलं आणि सांगता सांगता माझं मलाच ऐकू आलं.

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं.

ते म्हणाले, आमच्या संघात एक चढाईपटू होता. (नाव त्यांनी सांगितलं, मी लिहीत नाही.) असा पोरगा त्यांनी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही नाही. स्पर्धेच्या आधीच्या पंधरवड्यात तो सरावाला आठ दिवस आलाच नाही. बाबांनी नियमाप्रमाणे त्याला संघातून काढलं. संघ अंतिम सामन्यात तीन गुणांनी हरला. वर्षभराने कुणीतरी बोलता बोलता सांगितलं की त्या आठ दिवसांत तो रात्रपाळीला जात होता, वडिलांच्या जागी, कारण वडील पडून होते आणि खाडा झाला तर जागा गेली असती. तो पुन्हा कबड्डीला आला नाही. दांडिया बाजारात अजून दिसतो. नमस्कार करतो, पण थांबत नाही.

"तुम्हाला चूक वाटते का ती?" मी विचारलं.

"काढला त्याचं नाही वाटत. नियम सगळ्यांना होता. पण मी त्याला विचारलं नव्हतं. घर चार गल्ल्या सोडून होतं."

दुपारी मी त्या मुलाला फोन केला. मुलाखतीत जे विचारायला हवं होतं ते तेव्हा विचारलं: नोकऱ्या मधेच का सोडल्या? तो जरा त्रासूनच म्हणाला, पहिल्या ठिकाणी तीन महिने पगार नव्हता, दुसऱ्या ठिकाणी लीडशी जमलं नाही, आणि काम सोपवायचं राहिलं ही माझी चूक. एवढंच. रात्रपाळी नाही, आजारी वडील नाहीत. सरळ उत्तर दिलं त्याने. आणि तरी मी संध्याकाळी मुलीचंच नाव कळवलं. ती उत्तम काम करते, आता नव्या लोकांना तीच शिकवते. तो मुलगा बंगळुरूला आहे आणि त्याचा पगार माझ्यापेक्षा बराच जास्त असावा असा अंदाज त्याच्या फोटोंवरून येतो.

आमच्या टेबलावरचं भांडण पुढे दोन वर्षं चाललं, आणि दोन्ही बाजूंना भरपूर दारूगोळा मिळत गेला. २ ऑक्टोबर २०२३ ला न्यूयॉर्क जायंट्सविरुद्ध विदरस्पूनने क्वार्टरबॅकला दोनदा लोळवलं आणि एक चेंडू मधेच पकडून ९७ यार्ड धावत जाऊन गुण केले. पहिल्याच वर्षी तो प्रो बोलमध्ये निवडला गेला. टेस्टरने मला ती क्लिप तीनदा पाठवली. पण छप्पर गळायचं थांबलं नाही. त्या मोसमातही समोरचे चेंडू काखेत मारून आमच्या मधोमध चालत येत राहिले. २०२४ च्या जानेवारीत कॅरोल पायउतार झाले, त्यांच्या जागी बाल्टिमोरहून माइक मॅकडॉनल्ड आले, वय ३६, बचावाची रचना करण्यात वाकबगार. आणि त्यांच्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये, सोळाव्या नंबरवर, सिएटलने पुढच्या फळीतला डोंगर घेतला: टेक्ससचा बायरन मर्फी. नेल्लोरवाल्याने 'एक वर्ष उशीर' एवढाच संदेश पाठवला. २०२५ मध्ये, ९ फेब्रुवारीला, फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीला ४०-२२ ने हरवून सुपर बोल जिंकला. समोरच्या क्वार्टरबॅकला श्वास घेऊ न देणाऱ्या त्या फळीच्या मधोमध कार्टर होता. मी तो सामना एकट्याने पाहिला आणि कुणालाही क्लिप पाठवली नाही.

२०२५ चा ड्राफ्ट ग्रीन बेला होता. एप्रिलमधला तसाच शुक्रवार. मला उठायला सहा वाजून गेले. बाहेर येऊन पाहतो तर टीव्ही चालू, लॅपटॉपची वायर जोडलेली (पासवर्ड या वेळी त्यांना आठवला होता), आणि बाबा हिंचक्यावर. मी घाईने विचारलं, आपला नंबर गेला का?

"आपला अठरावा," बाबा म्हणाले. "आता कुठे चौथा चाललाय. तू चहा ठेव."